मानीव रहिवासी

निमकरकाकांकडे एक फार चांगला कोट होता. गडद निळ्या लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा, आतून जाड अस्तर लावलेला. लंडनमधल्या एजवेअरच्या ऑफिसात मी काकांबरोबर तीन हिवाळे काढले, पण त्यांच्या अंगावर तो कोट कधी पाहिला नाही. कारण कोट मिसिसागाला होता, टोरांटोच्या शेजारी, आणि काका इथे एका पातळ बदामी रेनकोटात दिवस काढत होते. स्टेशनपासून चालत आले की नाक लालबुंद झालेलं असायचं. हात चोळत खुर्चीत बसायचे आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"काय नागपूर, आज मिसिसागाला वजा चौदा आहे. इथे कुठे थंडी आहे?"

मी नागपूरची, म्हणून माझं नाव नागपूर. मला तर सप्टेंबरातच हुडहुडी भरायची. मी म्हणायचे, "काका, हाय स्ट्रीटवर सेल लागलाय. एक कोट घेऊन टाका."

"आहे ना कोट. तिकडे आहे."

"मग मागवून घ्या."

यावर ते माझ्याकडे असे बघायचे, की जणू मी त्यांची किडनी मागितली.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. खाली चाव्या आणि बुटांचे तळवे करून देणारं दुकान, त्यामुळे दिवसभर पायाखाली यंत्राची घरघर. आम्ही बाकीचे इथल्या छोट्या दुकानदारांचे, टॅक्सीवाल्यांचे हिशेब बघायचो. काकांचं टेबल म्हणजे कॅनडा. तिकडून लंडनला कामाला आलेले, इथून तिकडे निघालेले, तिकडे छोटासा धंदा टाकून इकडे अडकलेले, असे सगळे काकांकडे यायचे. काका मूळचे साताऱ्याचे. वीसेक वर्षं मिसिसागात काढली, स्वतःचं छोटं ऑफिस चालवलं आणि मग एका वर्षासाठी म्हणून लंडनला नोकरीवर आले. ते एक वर्ष संपलंच नाही. मूलबाळ नाही. उषाकाकू तिकडेच राहिल्या. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलंच, "काकू कधी येणार?" तर काका म्हणायचे, "बघू या, टॅक्स सीझन संपला की." टॅक्स सीझन कधी संपत नाही. इकडची मुदत जानेवारीअखेर, तिकडची एप्रिलअखेर, तिकडच्या धंदेवाल्यांची जूनमध्ये. विचारणाऱ्यांना हे माहीत नसायचं, आणि काकांना तेच सोयीचं होतं.

कॅनडाचा कर तुम्ही कुठले रहिवासी आहात यावर बसतो. आणि रहिवासी कुठले, हे विमानाच्या तिकिटावरून ठरत नाही, तिकडे तुमचं काय काय मागे राहिलंय त्यावरून ठरतं. कायद्याच्या भाषेत त्याला 'टाईज' म्हणतात. काका म्हणायचे 'धागे'. मोठे धागे तीन: घर, जोडीदार, मुलं. मग बारके धागे, त्यांना अंत नाही. नवा माणूस समोर बसला की काका पेन्सिल घेऊन त्याचे धागे उकलायला बसायचे. लंडनजवळ स्लाऊला काँट्रॅक्टवर आलेला संदीप नावाचा एक टोरांटोवाला होता, त्याची उलटतपासणी मला अजून आठवते.

"काका, मी नॉन-रेसिडेंट आहे ना? फ्लॅट सोडला, बायको-मुलगी इकडे आणली. डन."

"गाडी?"

"विकली."

"जिमची मेंबरशिप?"

संदीप हसला. "काका, तिकडे होतो तेव्हाही मी जिमला जात नव्हतो."

"पण दर महिन्याला पैसे जातात ना? बंद कर. थंडीचे कपडे कुठे आहेत?"

"जॅकेट वगैरे? ते मित्राच्या बेसमेंटमध्ये. इकडे काय करायचंय त्यांचं?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "एकट्या कपड्यांनी काही ठरत नाही, सगळं एकत्र बघतात. पण ज्याचे थंडीचे कपडे तिकडे, तो परत यायचा आहे असंच कुणीही समजणार. आधी कपडे हलव."

संदीप गेल्यावर मी काकांकडे बघितलं. काकांनी खिडकीकडे बघितलं. मला तोवर हेही कळलं होतं, की काका मिसिसागातल्या एका पोहण्याच्या तलावाचे सभासद आहेत आणि दरवर्षी नेमाने वर्गणी भरतात. काकांना पोहता येत नव्हतं.

त्यांचा आणखी एक लाडका शब्द होता, 'मानीव'. न घडलेली गोष्ट घडली आहे असं कायदा धरून चालतो तेव्हा इंग्रजीत 'डीम्ड' म्हणतात, त्याचं हे सरकारी मराठी. काकांना त्याचा भारी शौक. कोपऱ्यावरच्या दुकानातली गोठवलेली चपाती म्हणजे 'मानीव पोळी'. माझा ऑफिसातला चहा 'मानीव चहा'. आमचे साहेब मीटिंगला उशिरा आले, की "ते मानीव हजर आहेत."

हाच शब्द घेऊन काकांनी एकदा स्लाऊच्या मंडळात व्याख्यान दिलं. शाळेचा हॉल, मागच्या टेबलावर बटाटेवडे झाकून ठेवलेले आणि पुढे काका, विषय 'देश सोडताना करनियोजन'. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातले एक डॉक्टर आले होते. आधी बरीच वर्षं कॅनडात काढून मग इकडे आलेले. काकांनी सांगितलं, की तिकडचं रहिवासीपण सोडलं त्या दिवशी तुमचे शेअर्स वगैरे तुम्ही विकलेत असं मानून कर लावतात. डॉक्टर उठलेच.

"अहो, पण मी काहीच विकलं नाही!"

"नाही विकलंत. मानलं जातं."

"कोण मानतं?"

"कायदा."

"मला न विचारता?"

"मानायचं म्हटल्यावर विचारतंय कोण, डॉक्टर? विचारलं असतं तर मानावं कशाला लागलं असतं?"

हॉल हसला. काका नाही हसले. म्हणाले, "गंमत बघा. देश सोडताना आणि जग सोडताना कायद्याचं वाक्य तेच. माणूस गेला, की जाण्याआधी त्यानं सगळं विकलं होतं असं मानतात." वड्यांकडे वळलेल्या माना परत पुढे आल्या. डॉक्टरांच्या बायकोने घाबरून विचारलं, यातून सुटका काय? "एकच. नवरा-बायको असाल, आणि शेवटपर्यंत दोघंही तिथलेच रहिवासी असाल, तर जाणाऱ्यानं काही विकलं असं मानत नाहीत. आहे तसं एकाकडून दुसऱ्याकडे जातं. तेवढी माणुसकी आहे कायद्यात."

नवरा-बायकोंच्या बाबतीत काकांचं असं एकदम मऊ व्हायचं. एक जोडपं कॅनडाला जाऊन फराळाचा धंदा काढणार होतं. नवऱ्याला विचारायचं होतं, की बायकोच्या नावावर पगार दाखवून कर वाचवता येईल का. काका म्हणाले, "ती खरंच काम करणार असेल तर," आणि बाईंकडे वळून विचारलं, "तुम्ही काय काय करणार?" बाई सांगत सुटल्या. चकल्या, शेव, पॅकिंग, ऑर्डरी, पोरांना शाळेत सोडून मग डिलिव्हरी. "आणि तुम्ही?" नवरा म्हणाला, "मी ओव्हरऑल बघणार." काका म्हणाले, "मग पगार यांचाच काढा. तुमचा दाखवलात तर टॅक्स ऑफिसवाले विचारतील, हे कशाबद्दल?" बाई इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ती दोघं भांडत, हसत जिना उतरून गेली. काका बराच वेळ त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले होते.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, ऑफिसचा हीटर बिघडला. काकांना खोकला झाला होता आणि ते रेनकोट घालूनच दहीभात खात होते. माझं डोकं फिरलं. त्यांचं इकडचं रिटर्न मीच भरायचे, त्यामुळे ते दोन्हीकडे हिशेब देतात आणि तिकडचा जास्तीचा कर दरवर्षी पदरचा भरतात, हे मला माहीत होतं.

"काका, तुम्ही लोकांचे धागे तोडून देता आणि स्वतः काय करता? दोनदा कर पडू नये म्हणून दोन देशांची ट्रीटी आहे. तो स्विमिंग क्लब सोडा, कोट मागवा, आणि काकू वेगळ्या राहतात असं लिहा. इतकी वर्षं वेगळेच राहताय."

"वेगळे नाही राहत. ती तिकडे राहते, मी इकडे राहतो."

"मग तेच ना!"

"तेच नाही. फॉर्मवर विचारतात, विवाहित की विभक्त. विभक्त लिहिलं की सगळं सोपं होतं, हे मला तू सांगू नकोस." त्यांनी डबा बाजूला सारला. "माझ्यानं लिहवत नाही गं. इथे मी कोण आहे? घरमालकाचा भाडेकरू. तिकडे निदान सरकार वर्षातून एकदा कबूल करतं, की मला बायको आहे."

मग त्यांनीच सांगितलं. उषाकाकूंच्या भावाचं तिकडे मिठाईचं दुकान होतं. घरची गाडी, मुलीचं लग्न, सगळं त्याने दुकानाच्या खर्चात घातलं होतं. काकांनी त्या हिशेबावर सही केली नाही. त्याने दुसऱ्याकडून करून घेतली. पुढे तपासणी आली आणि दुकान बुडालं.

"उषानं मला विचारलं, टॅक्सवाल्यांना तुम्ही कळवलंत का?"

"कळवलं होतंत?"

"छे! मी कशाला कळवीन?"

"मग काय सांगितलंत?"

"काहीच नाही. तिनं विचारलं, याचाच राग आला. एवढ्या वर्षांच्या संसारावर मला हे विचारावं लागतं? मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे केलंच असेल, असं ती मानून चालली. तेवढ्यात लंडनचं काम आलं."

दर रविवारी ते काकूंना फोन करायचे. घर तापवणारी फर्नेस चालू आहे ना, घराचा कर भरला का, बर्फ किती पडलं, तब्येत बरी. चार वाक्यं. सोमवारी सकाळी ऑफिसात जी मिसिसागाची बातमी यायची, तिच्यात वर्तमानपत्रातलं तापमान किती आणि काकूंच्या तोंडचं किती, ते माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

फेब्रुवारीत संदीप टोरांटोला लग्नाला जाऊन आला आणि एक भलीमोठी बॅग घेऊन ऑफिसात शिरला. "काका, सरप्राइज! काकूंनी पाठवलाय. एक्स्ट्रा बॅगेज भरलंय मी तुमच्यासाठी."

प्लॅस्टिकच्या खोळीत निळा कोट होता.

काकांनी तो टेबलावर आडवा ठेवला. खोळ वर सरकवली, कॉलरवरून हात फिरवला. "काही म्हणाली?"

"नाही काका, टॅक्सी थांबलेली. दारातच दिला त्यांनी."

"ड्रायक्लीन केलाय," काका म्हणाले. मग बटणं चाचपली. "तिसरं बटण तुटलं होतं. तेही लावलंय."

"घाला ना, बघू तरी!" संदीप म्हणाला.

काकांनी खोळ खाली ओढली, कोट दारामागच्या हुकाला अडकवला आणि जागेवर येऊन बसले. "बरोबर आहे. आधी कपडे हलवायचे असतात. मीच सांगतो सगळ्यांना."

त्या दिवसापासून मिसिसागाचं तापमान बंद झालं. काका यायचे, बसायचे, कामाला लागायचे. सोमवारी मी मुद्दाम विचारलं, "काय म्हणतात काकू?" तर म्हणाले, "फोन नाही केला." पुढच्या सोमवारीही तेच. खोकला वाढला होता आणि दारामागे तो ऊबदार कोट लटकत होता. मला काकांचा आणि त्या कोटाचा, दोघांचाही संताप यायचा.

"काका, टाकून द्यायच्या कोटाला कुणी बटण लावतं का? फोन करून विचारा ना, का पाठवला म्हणून."

"विचारायचं काय त्यात? आला ना कोट."

मार्चमध्ये माझ्या नवऱ्याची टोरांटोला बदली झाली. हीथ्रोवर काका पोचवायला आले, ते हातावर कोट घेऊनच. म्हणाले, "एवढा घेऊन जा. बॅगेत मावणार नाही, अंगातच घाल. उतरशील तेव्हा थंडी असेल तिकडे." किती असेल ते सांगितलं नाही. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "उषाला दे. घरात जागा असली तर ठेवील. नसली तर एखाद्या चॅरिटी शॉपला देऊन टाक म्हणावं." हे ते अगदी सहज म्हणाले, पण कोट माझ्या हातात देताना लगेच सोडवेना त्यांना.

मिसिसागाला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी उषाकाकूंकडे गेले. कोट मला पोटऱ्यांपर्यंत येत होता आणि बाह्यांतून बोटंही दिसत नव्हती, पण बाहेर बर्फ होतं आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. बेल वाजवली. उषाकाकूंनी दार उघडलं. बारीक, पांढऱ्या केसांच्या, हातात पोळ्यांचं लाटणं. त्यांनी आधी कोट पाहिला. मग त्यांची नजर वर माझ्या चेहऱ्यापर्यंत आली. तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं आणि गेलं, ते मला कुठल्याच बाईच्या चेहऱ्यावर पुन्हा दिसू नये.

"मला वाटलं..." त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. "ये, आत ये."

मी कोण ते सांगितलं. त्यांनी कोट हातात घेतला. "परत पाठवला? होत नाही का त्यांना?"

"घालूनच पाहिला नाही, काकू. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांचं सामान घराबाहेर काढलंत."

"अगं, फोनवर सारखे खोकत होते म्हणून पाठवला! आणि तेव्हापासून फोनच नाही. मला वाटलं, कोट मिळाला, आता इकडचं काही उरलं नाही म्हणून फोन बंद केला."

मग मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की हा कोट इथे होता म्हणून ते स्वतःला इथले समजत होते. आणि तुमच्या भावाबद्दल त्यांनी कुणाला काही कळवलं नव्हतं.

"ते मला केव्हाच कळलंय," काकू म्हणाल्या. "भावानंच नंतर सांगितलं, दुसऱ्या कुणामुळे झालं ते. पण यांनी स्वतः एकदा 'नाही' म्हणावं, एवढंच वाटत होतं मला. मी एकदाच विचारलं होतं." त्यांनी दाराजवळचं कपाट उघडलं. दाटीवाटीने कपडे होते आणि मध्ये एक रिकामा हँगर. त्यांनी कोट त्यावर चढवला, तिसरं बटण लावलं.

मी तिथूनच फोन लावला. "काका, कोट जागेला लागला."

"कुठे?"

"दाराजवळच्या कपाटात. हँगर रिकामाच होता."

पलीकडे खोकला. मग, "आज किती आहे तिकडे?"

मी काकूंकडे बघितलं. "वजा सहा," काकू म्हणाल्या आणि मग फोनच्या दिशेने, मोठ्याने, "अहो, ओवा टाकून वाफ घ्या!"

"हो," काका म्हणाले.

इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. चार वाक्यांची दहा झाली, असं काकू सांगायच्या. इकडून मी आणि काकू, दोघी विचारायचो, कधी येताय? एप्रिल संपू दे. मग, जून होऊ दे. मग जानेवारी. मला वाटतं, ते घाबरले होते. इतक्या वर्षांनी त्या दारात उभं राहायचं, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं, हे त्यांना कुठल्याच कायद्यात सापडत नव्हतं. पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात एजवेअरच्या त्यांच्या खोलीत काका गेले. कपाटात पातळ रेनकोट निघाला, असं संदीपने कळवलं.

त्यांचं कॅनडाचं शेवटचं रिटर्न मी भरलं, काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. काकू समोर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "आता यांचं सगळं विकलं असं मानणार का गं? ते म्हणायचे तसं काहीतरी."

"नाही काकू. ते इथलेच रहिवासी होते आणि तुम्ही त्यांच्या बायको. काही विकलेलं नाही. आहे तसं सगळं तुमच्याकडे आलं."

काकू उठल्या. दाराजवळच्या कपाटाशी जाऊन बराच वेळ तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या आणि मीही.

मला काका दिसतात ते हीथ्रोवरचे. तपासणीच्या रांगेतून मी मागे वळून पाहिलं होतं. बदामी रेनकोटात ते तिथेच उभे होते. उजवा हात हलवत होते, आणि डावा हात अजून पोटाशी तसाच दुमडलेला होता, कोट धरल्यासारखा.